माशांच्या पेटीची पाठ

अंजनाला पाण्याची भीती वाटते, हे सांगलीतल्या त्या नदीकडच्या गल्लीत कुणाला सांगावं लागत नाही. पावसाळा तोंडावर आला की ती मोरीच्या भोकावर फरशीचा तुकडा ठेवते, त्यावर पाटा, आणि पाट्यावर वरवंटा. बायका हसतात. हसू देत बापड्या. दोन हजार एकोणीसच्या पुरात पाणी दारातून आलंच नव्हतं, आधी मोरीतून आलं होतं, हे त्या विसरल्या असतील. अंजना विसरलेली नाही.

तिचं माहेर जत तालुक्यातलं. तिथं पाणी टँकरमधून यायचं आणि आंघोळीचं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पाणी शेळीला, असा त्याचा प्रवास चालायचा. अशा घरातली मुलगी कृष्णेच्या काठी दिली, तेव्हा आयाबाया म्हणाल्या, पोरीनं नशीब काढलं. तिलाही तसंच वाटलं. नवी नवरी नळ सोडून त्याखाली उगाच हात धरून उभी राहायची आणि सासू ओरडायची.

नवरा नाथाजी कुपवाडच्या एका कारखान्यात लोखंडी कपाटांना स्प्रेनं रंग मारतो. कष्टाळू माणूस, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण सगळा संसार त्यानं तीन शब्दांवर ओढला आहे. पोरीला ताप आला, "काय होत न्हाई." भिंतीला तडा गेला, "काय होत न्हाई." पुराच्या वेळी आयर्विन पुलाजवळच्या पाण्याचे फूट वाढत चालले, शेजारीपाजारी ट्रॅक्टरवर बोचकी टाकून निघाले, तेव्हाही हा उंबऱ्यात मांडी ठोकून बसलेला. "काय होत न्हाई. उंबऱ्याला लागू दे, मग बघू."

उंबऱ्याला लागलं तेव्हा बघायला काही उरलं नव्हतं. पोरीचा हात धरून अंजना जिना चढली आणि बचावाची नाव येईपर्यंत स्लॅबवर बसून राहिली. खाली सगळीकडे तांबडं पाणी. त्यातून तिचं पिठाचं पिंप हळूहळू दारातून बाहेर गेलं. शेजारी नाथाजी पुटपुटतच होता, "काय होत न्हाई, काय होत न्हाई."

तेव्हापासून दरवर्षी जूनमध्ये ती पिशवी भरून जतला भावाकडे जाते आणि नवरात्राच्या आधी परत येते. या वर्षी भाऊ बिराप्पानं फोनवर सांगितलं होतं, "अक्का, तुझ्यासाठी खोली बांधलीया. आता जायाचं नावच काढू नगंस." अंजनानं नको म्हटलं नाही. ही गेली तर आता परत येणार नाही, हे घरात तिघांनाही कळलं होतं.

त्यावर मुलीनं, साक्षीनं, शक्कल काढली. तिची मैत्रीण नोकरीसाठी पुण्याला गेली आणि जाताना माशांची काचेची पेटी हिला देऊन गेली. "आई, पाणी जागच्या जागी राहतंय हे रोज बघितलंस, की तुझी भीती जाईल," असं साक्षीचं म्हणणं. अंजनाला ते पटलं नाही. पण पोरीचा चेहरा बघून तिनं पेटीसाठी जागा करून दिली.

पेटी बैठकीच्या खोलीत ठेवली आणि पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. मागची काच आरपार, आणि मागे भिंतीवर पुराची रेघ. ही रेघ नाथाजीनं किती वेळा रंगवून झाकली असेल! पावसाळा आला की ती पुन्हा ओल धरून वर येते. हजारो कपाटं चकाचक करणाऱ्याला घरातली एक रेघ झाकता आली नाही, हे त्याचं दुखणं. आता ती रेघ पेटीतल्या पाण्यातून दिसायला लागली, आणि पाणीही नेमकं तिच्याच उंचीला. अंजनाला जेवण गेलं नाही. मासे पुन्हा बादलीत गेले, पेटी रिकामी झाली.

"पाठीमागं कायतरी लावू," नाथाजी म्हणाला. रंगाचा प्रश्न निघाल्यावर त्याला जरा हुरूप आला. दुकानातून त्यानं समुद्राच्या तळाच्या चित्राचा कागद आणला, झाडंबिडं असलेला. अंजना म्हणाली, "बुडालेलं बघायला मी कशाला पैसं घालू?"

"काळा देऊ? काळ्यावर मासं उठून दिसत्यात."

"नगं. स्लॅबवर बसलो तवा अंधार पडल्यावर पाणी काळंच हुतं."

"मग पांढरा?"

"लगेच मळंल."

शेवटी निळ्यावर येऊन थांबले. अंजना म्हणाली, "निळा चालंल. निळं पाणी मी कवा बघितलंच न्हाई." नाथाजी हसला. तिनं ते हसण्यासाठी म्हटलं नव्हतं.

सकाळी परसात वर्तमानपत्रं पसरून त्यानं पेटी पालथी घातली, दर्शनी काच खाली, पाठ वर. हौसेनं काम केलं. पाठ थिनरनं पुसली, बसलेल्या हातानं रंग मारला, वाळू दिला, पुन्हा मारला. वरचा आकाशी निळा असा बसला की त्यात तोंड दिसावं. मग घाईघाईनं दुचाकी काढून तो पाळीवर गेला. संध्याकाळी साक्षीनं शेजारच्या हंबीररावांना हाताशी धरून पेटी भिंतीला लावली, पाणी भरलं, मासे सोडले आणि दिवा लावला.

अंजना भडंगाची पाकिटं भरायचं रोजचं काम उरकून घरी आली. बाहेर भुरभूर सुरू झाली होती. तिनं दार ढकललं आणि ती तिथंच थांबली.

समोर भिंतीशी तांबडं पाणी उभं होतं. तेच गढूळ, मातकट तांबडं. हातातली पिशवी खाली पडली. कानांत मोरीतला तो बुडबुड आवाज सुरू झाला. पाटा-वरवंटा अजून मांडलेला नाही, हेच एक तिच्या डोक्यात आलं. ती धावत जिन्याकडे गेली, तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बसली आणि साडीचे काठ मुठीत गच्च धरून वर ओढले.

"आई, अगं पेटी आहे ती! पप्पांनीच दिलाय हा रंग. मला वाटलं, मातीचा रंग मुद्दाम निवडला त्यांनी." साक्षीला रडू फुटलं. अंजनाला ऐकू येत होतं, पण खाली उतरवेना.

नाथाजी आला तो या गोंधळातच. त्यानं पेटीकडे बघितलं आणि कपाळावर हात मारला. कपाटाला आधी तांबडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा हात, आणि मग वरून रंग, हीच त्याच्या हाताची इतक्या वर्षांची रीत. कपाटाचा शेवटचा हात लोक बघतात. काचेच्या पाठीचा मात्र पुढून पहिलाच हात दिसतो, हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं. सुंदर निळा भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि तांबडा घराकडे.

"प्रायमर हाय गं त्यो. काय होत न्हा..." म्हणत तो चार पावलं पुढे गेला आणि थांबला. दिव्याच्या उजेडात तांबडं पाणी हलत होतं. पेटीच्या दोन्ही बाजूंना भिंतीवरची रेघ दिसत होती, पाण्याच्या बरोबरीला. त्यानं एक पाऊल मागे घेतलं, मग आणखी एक, आणि तो उंबऱ्यात बसला. पुराच्या वेळी बसला होता त्याच जागी.

"अंजे," तो म्हणाला, "मला भ्या वाटतंय गं. तवा बी लय वाटत हुतं. तोंडातनं निघंना."

जिन्यावर बसलेली अंजना त्याच्याकडे बघत राहिली. इतकी वर्षं तिला वाटत आलं होतं की या घरात भीती तिला एकटीलाच आहे. तिला राग आला, खरोखरचा राग. आणि मुठीतले काठ सुटले. ती खाली आली, खाटेवरची चादर ओढून तिनं पेटीवर टाकली.

"आयर्विनला चाळीस फूट झालं की निघायचं," ती म्हणाली. "उंबऱ्याची वाट बघायची न्हाई."

"व्हय."

"तिघांनी."

"व्हय. तू म्हणशील तवा."

पुढच्या रविवारी नाथाजीनं ब्लेडनं सगळा रंग खरवडला, निळाही आणि तांबडाही. "आता आधी निळा मारतो," तो म्हणाला. अंजना म्हणाली, "काय बी मारू नगासा. रेघ दिसू दे तुमाला रोज." ती रेघ आता माशांच्या मागून दिसते. अंजनाची भीती गेलेली नाही. साक्षी पेटीत पाणी ओतते तेव्हा ती अजूनही परसात जाऊन उभी राहते.

पावसानं जोर धरला तसा बिराप्पाचा फोन आला, गाडी कधी पाठवू म्हणून. कोपऱ्यात पिशवी भरलेली होतीच. नाथाजीनं भीत भीत पिशवीची चेन उघडून बघितली. वर तिच्या साड्या आणि साक्षीचे कपडे होते. खाली, नीट घडी घालून, त्याचे दोन सदरे ठेवले होते.