बंबकाका मार्शमेलो भाजतात

जन्मभर आगीच्या बंबावर धावलेला माणूस निवृत्त होऊन घरात बसला, की खरी परीक्षा त्याच्या बायकोची. पटत नसेल तर काकूंना विचारा. बंबकाका अग्निशमन दलातून निवृत्त झाले आणि त्यांनी थेट स्वतःच्या घराचाच ताबा घेतला. गॅलरीत वाळूची बादली आली. काकूंनी इस्त्रीचा प्लग काढला, की काका तो पुन्हा लावून स्वतःच्या हाताने काढत. तेव्हा कुठे त्यांचा जीव भांड्यात पडे. बाहेर जायचं म्हटलं की अर्ध्या जिन्यावरून परत फिरून गॅसचा कॉक बघायचाच. तोवर काकू कुलूप हातात धरून दारात उभ्या राहत आणि देवाचं नाव घेत. "माझी अर्धी प्रार्थना ह्यांच्या गॅसमुळेच होते," असं त्या शेजारणीला सांगत.

लोक एखाद्या माणसाला पाण्यात पाहतात. काका आगीला पाण्यात पाहत. अगदी साध्या मेणबत्तीवरसुद्धा त्यांचा डोळा असे.

"देवानं वर सूर्य पेटता ठेवलाय," काकू म्हणत, "तुमचा पाइप तिथवर पोचत नाही म्हणून जग चाललंय."

"हसा," काका म्हणत, "हसा तुम्ही."

आणि माणूस तसा लोण्यासारखा मऊ. किती जणांना पाठीवर घालून धुरातून बाहेर काढलं, ते त्यांनी कधी तोंडाने सांगितलं नाही. त्यांचा सगळा जीव होता एका नातीत. एका जागी ठरत नाही म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणत. ती सुट्टीला आली की आजोबा-नातीचा एकच खेळ: जेवणाच्या टेबलाखाली आग लागली असं समजायचं, ओला रुमाल तोंडावर धरायचा आणि रांगत दार गाठायचं. भिंगरी अशी सुसाट रांगायची, की आजोबांची छाती फुगायची.

मग तिच्या वर्गातल्या एका मुलाचा वाढदिवस आला. केकवरच्या मेणबत्त्या पेटल्या मात्र, भिंगरी ओरडली, "धूर! सगळे खाली वाका!" पाण्याच्या बाटलीत रुमाल बुडवून ती रांगत निघाली आणि तिच्यामागून अर्धा वर्ग. मागे उरला केक आणि भोकाड पसरलेला वाढदिवसाचा मुलगा.

ऐकणाऱ्याची हसून हसून पुरेवाट झाली. पण पोरीच्या मनात खरीच भीती बसली होती. गॅस पेटलेला असला की ती स्वयंपाकघरात पाऊल टाकेना. त्यात शाळेची मुक्कामाची सहल ठरली, रात्री शेकोटी होणार होती, आणि सगळ्या मैत्रिणी जाणार होत्या. भिंगरी म्हणाली, "माझं नाव घालू नका." म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून रडली. जायचं तर तिला होतंच.

नाव द्यायला दोनच दिवस उरले, तेव्हा काकांची लेक तिला घेऊन माहेरी आली. चपलासुद्धा न काढता म्हणाली, "बाबा, भीती तुम्ही घातलीत, आता काढा पण तुम्हीच." आणि आल्या पावली गेली.

काकांचा चेहरा पडला. आजवर त्यांनी माणसांना भीतीतून बाहेर काढलं होतं. आपल्यामुळे कुणी, तेही हे लेकरू, भीतीत अडकेल हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. मग ते नातीशेजारी जाऊन बसले.

"त्या शेकोटीवर करणार तरी काय आहेत?"

"स्मोर."

"कुणाच्या समोर?"

"अहो आजोबा, स्मोर! खायचं असतं ते. दोन बिस्किटं, मध्ये चॉकलेट आणि भाजलेला मार्शमेलो."

काका तडक दुकानात गेले. मार्शमेलोची, म्हणजे पांढऱ्या गुबगुबीत साखरगोळ्यांची, पिशवी आणली, एक दाबून पाहिला. "हा खायचा की डोक्याखाली घ्यायचा?"

"आधी खा, उरला तर झोपा," काकू म्हणाल्या.

ज्योत नको म्हणून काकांनी ओव्हनचा मार्ग काढला. ट्रेमध्ये बिस्किटं मांडली, त्यावर चॉकलेटच्या वड्या, वर मार्शमेलो, आणि स्वतः स्टूल टाकून काचेसमोर पहाऱ्याला बसले. मार्शमेलो फुगले, आणखी फुगले आणि एकदम बसले. बिस्किटं ट्रेला अशी चिकटली, की चमच्याने खरवडायची वेळ आली. काकूंनी तो सगळा चिवट गोळा वाटीत भरला, वर बिस्किटांचा चुरा पेरला आणि दारातच उभ्या असलेल्या भिंगरीच्या हाती दिला.

"मस्त आहे," ती बोट चाटत म्हणाली. मग हळूच, "पण शेकोटीला ओव्हन नसतो ना, आजोबा."

काकूंनी काकांकडे पाहिलं. "पेटवा गॅस."

गॅसचा कॉक काकांच्या हाताला एकाच बाजूला फिरवायचा ठाऊक, बंद करायच्या. तो त्यांनी उघडला. खांद्यावर ओलं फडकं टाकलं, ज्योत अगदी बारीक ठेवली. लांब काट्याला मार्शमेलो टोचून ते मुकाट्याने फिरवू लागले. पोरीला 'ये' म्हणाले नाहीत.

"खालून पांढराच राहिलाय," दारातून आवाज आला.

"मला काही दिसत नाही. तू सांग, तसा फिरवतो."

"थोडा डावीकडे. अहो, डावीकडे म्हटलं ना!" सांगता सांगता ती फ्रिजपर्यंत आली, मग ओट्यापर्यंत. "द्या इकडे. तुम्हाला नाही जमत."

काकांनी काटा तिच्या हाती दिला आणि मागे उभे राहिले. काकूंनी डोळे मिटले; देवाजवळ काय मागितलं ते सांगायला नको.

तेवढ्यात मार्शमेलोने भपकन पेट घेतला.

काकांचा हात खांद्यावरच्या ओल्या फडक्याकडे गेला. 'मागे हो!' ही आरोळी पार घशापर्यंत आली. डोळे मिटलेल्या काकूंनी त्यांचं मनगट बरोबर पकडलं. काट्याच्या टोकाला जळता गोळा, आणि भिंगरीचे मोठ्ठे झालेले डोळे आजोबांच्या तोंडाकडे. काकांनी आरोळी गिळली आणि रोजच्या आवाजात म्हणाले, "फुंकर मार."

तिने गाल फुगवून फू केलं.

काळ्या सालीवरून धुराची एक रेघ वर गेली.

"विझली?"

"विझली. तू विझवलीस."

तिने तो काळा गोळा चॉकलेट आणि बिस्किटांमध्ये दाबला आणि चावा घेतला. ओठापासून हनुवटीपर्यंत तार आली. "वरचं कडू आहे," तिने जाहीर केलं, "पण आतून काय लागतोय! आता दुसरा. आजोबा, हा तुमच्यासाठी." दुसराही पेटला. या वेळी तिने आजोबांच्या तोंडाकडे बघितलंसुद्धा नाही. फुंकर मारून मोकळी झाली आणि तो घास आजोबांना भरवला.

मग चिकट हातांनीच तिने फोन लावला. "आई, माझं नाव घाल सहलीत. हो, शेकोटीच्या."

पलीकडून आई म्हणाली, "अगं, बाबांना दे बघू फोन."

भिंगरीने वळून पाहिलं. आजोबा डोळ्यांत पाणी आणून जबड्याशी झटत होते आणि आजी पदर तोंडाला लावून हसत होती.

"ते आत्ता नाही बोलू शकत," भिंगरी म्हणाली. "त्यांची कवळी चिकटलीये."