दोरोनच्या वाटणीचं हाड

सागीनच्या हातून मांसाची वाटणी कधी चुकली नाही. आमच्या कराकोल शहरात लग्न असो की मयत, मेंढा शिजला की बोलावणं त्यालाच. कोण कोणापेक्षा किती महिन्यांनी मोठा, कुठल्या सुनेचा मान कुठल्या हाडावर, सगळं त्याला तोंडपाठ. शंभर माणसांच्या पंगतीतही एका म्हाताऱ्याने कधी नाक मुरडलं नाही, आणि आमचे म्हातारे तर नाक मुरडायलाच जेवायला येतात.

हिवाळाभर तो स्कीवाल्यांच्या रोपवेखाली उभा असायचा, हात बटणावर. असे बावीस हिवाळे. बायको गेली, मुलगी मॉस्कोला. राहिलं होतं ते बटण.

गेल्या मार्चमध्ये त्याने रोपवे थांबवला आणि पुन्हा सुरू करायचाच विसरला. लोक वीस मिनिटं हवेत लटकत होते आणि हा चहा पीत बसला होता. तिथला प्रमुख मी. वीज गेली होती, असं ठोकून दिलं. पण यंदाच्या कामगारांची यादी सोमवारी द्यायची होती, आणि दुसऱ्यांदा खोटं बोलायची माझी छाती नव्हती. म्हणून ऑक्टोबरातल्या आमच्या नेहमीच्या डोंगरफेरीत मी त्याच्यावर नजर ठेवून होतो.

आम्ही तिघं एका वर्गातले: मी, सागीन आणि कालिमा. चौथा कालिमाचा नवरा दोरोन. त्याला जाऊन दोन वर्षं झाली.

चढताना सागीन पुढे, मी धापा टाकत मागे.

"एसेन, पोट आवर! यंदा रोपवेसुद्धा तुला उचलायचा नाही!" तो वरून ओरडला. कालिमा हसली. उगाच शंका घेतली म्हणून मी मनातल्या मनात स्वतःला चार शिव्या घातल्या.

झाडी संपते तिथे उन्हात फडकं पसरलं. सागीनने उकडलेलं मटण सोडलं, सुरी पुसली, वाटणी केली. मला मांडीचं, कालिमाला शेपटाकडचं, स्वतःला खांद्याचं. बरोब्बर. मग चौथं हाड त्याने रिकाम्या जागेपुढे ठेवलं.

मी हात पुढे केला तर मनगटावर फटका बसला. "हावरटा! दोरोनला येऊ दे की. लघवीला गेलाय, येईल आत्ता."

कालिमाने माझ्याकडे पाहिलं नाही. सगळे बसल्याशिवाय आमच्यात कोणी घास घेत नाही. आम्ही बसून राहिलो. गार वाऱ्यात हाडांवरची चरबी थिजून पांढरी झाली. सागीन दोनदा उठून झाडीकडे बघून आला.

शेवटी कालिमा म्हणाली, "तो खाली उतरला रे. गुडघा दुखत होता त्याचा. तुम्ही जेवून घ्या म्हणाला."

"मला न सांगता?" सागीन खरोखर दुखावला. ते हाड कापडात गुंडाळून त्याने तिच्या पिशवीत घातलं. "घरी गेल्यावर गरम करून दे त्याला. आणि सांग, मी रागावलोय."

"सांगते," म्हणाली आणि तिने रुमालात तोंड लपवलं.

"अगं, त्यात रडतेस काय? एवढा काही नाही रागावलो."

उतरताना त्याने माझा दंड धरला. "यादीत नाव घातलंस ना माझं? हिवाळाभर घरात बसवू नकोस हं, मरेन मी."

"घातलंय," मी म्हणालो.

तो इतका खूश झाला की शीळ घालत पुढे निघाला. मी मागेच राहिलो. सोमवारच्या आत तो माझं हे उत्तर विसरून जावा, एवढंच मी देवाकडे मागत होतो.