पडीत जागा

"हात लावू नको बाई, नकाशा मळेल."

मोजणीचा साहेब साऱ्या ग्रामपंचायतीसमोर असा बोलला. माहं बोट हवेतच राह्यलं. मी तं फक्त माहं घर दाखवून राह्यली होती. भितीवर गावाचा नवा नकाशा लावला होता. देऊळ होतं, सरपंचाचं घर होतं, त्याचा गोठा बी होता. नाल्यापलीकडं आमची पंधरा घरं, तिथं लिहेल होतं, पडीत जागा.

"साहेब, तिथं आमी राह्यतो."

"कोणी राहत नाही. ड्रोनचे फोटो आहेत. एकही छप्पर नाही."

छप्पर कुठून राह्यनार? दसरा-दिवाळीच्या आगंमांगं सारी वस्ती ऊस तोडायले जाते. जातानी आमी घराचे पत्रे काढून संगं नेतो, तिकडं उसाच्या फडावर राह्याले कोपी टाकायले. मांगं चार भिती अन् दारात बाभळीचा काटा. सासूनं तेच केलं, मीनं बी तेच केलं. थे ड्रोन आलं तवा आमी उसात. ड्रोनले हद्द दिसाले गावात घराघराभवती चुन्याची रेघ मारली म्हनते. आमच्या घराले कोन मारन?

सरपंचाले तं माहीत होतं! त्याचं सोयाबीन आमीच सोंगतो. म्हनलं, "दादा, तुमी सांगा ना."

थो हासला. "सहा महिने उसात राह्यता, तुमाले घर पायजे कायले?"

सारे हासले. माहा नवरा बी कसनुसा हासला. थे मले जास्त लागलं.

त्या जागेवर आता गोदाम होनार हाये. पोरीनं अर्ज लिहून देल्ला. मंगरूळपीरले मोजणीच्या कचेरीत तीन चकरा मारल्या. साहेब म्हने, पुढच्या मोजणीत पाहू. पुढची कवा, कोनाले माहीत नाई.

दसऱ्याले ऊसतोडीचा मुकादम आला. नवऱ्यानं पत्रे काढायले शिडी लावली.

"उतरा खाली. मी येत नाई. पुढच्या मोजणीत छप्पर दिसलं पायजे."

"पागल झाली का? खाशीन काय?"

फडावर नवरा-बायकोची जोडी लागते, माह्याबिगर त्यालेबी काम नाई. थो चिडत उतरला, पत्रे वरच राह्यले. बाकीची चौदा घरं पत्रे घेऊन गेली. मी हात जोडले, कोनी थांबलं नाई. त्यायले तरी काय म्हनू?

माहं एकटीचं घर वाचन का नाई, मले ठाव नाई. भेव वाटते, लय वाटते. पन माह्या डोक्यावरचं छप्पर मी माह्या हातानं आता काढनार नाई. ज्याले पाडाचं असन त्यानं यावं, अन् मी आत असताना पाडावं.