गादीच्या कापसाची सीतादही

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे सांगताना माझ्या आवाजात गर्व येतो असं लोक म्हणतात. येतोच. शिकवतेही कॉलेजातच, मारेगावकडे, इतिहास.

त्या काळी मी एका संशोधनपत्रिकेत लिहायची. मानववंशशास्त्र आणि इतिहास हा तिचा विषय, पण अंक निघायचे दिनविशेष पाहून. आदिवासी दिनाला एक, संविधान दिनाला एक, महिला शेतकरी दिनाला एक. दिन हुकला की लेख वर्षभर पडून. संपादक सर फोनवर आधी दिन सांगायचे, विषय मागाहून.

त्या वर्षी महिला शेतकरी दिनासाठी मी सीतादहीवर लिहायचं कबूल केलं. आमच्याकडे कापसाची पहिली वेचणी सीतादहीशिवाय सुरू होत नाही. वावरात एका झाडापाशी खडे मांडायचे, हळदीकुंकू वाहायचं, झाडावरचा पहिला कापूस त्यांच्यावर ठेवायचा, दहीभात शिंपडायचा, मग बाया ओळी धरतात. गावात हा मान माझ्या मोठमायचा, म्हणजे वडिलांच्या मोठ्या भावाच्या बायकोचा. कोणाचंही वावर असो, पहिलं बोंड तिच्या हातचं. मला शाळेत घालायला घरच्यांशी भांडलेली तीच.

लेख तयार होता, फोटो नव्हता. सर म्हणाले, "फोटोशिवाय मानववंशशास्त्र कसं होईल, मॅडम? आठवड्यात पाठवा." पाऊस उशिरा आला होता, पेरणी दोनदा झाली होती. वावरात बोंडं हिरवी, घट्ट मिटलेली.

मी मोठमायला म्हटलं, "फोटोपुरती करून देतं का?"

"कापूस नाही फुटला न सीतादही कायची वं?"

"देवीले कळते, ते फोटोसाठी आहे म्हणून."

 ती आत गेली, जुन्या गादीची शिवण उसवली आणि ओंजळभर पिवळट कापूस घेऊन आली. "घे. पोरीच्या कालेजासाठी देवी गादीवर निजंल एक दिवस."

वावरात आम्ही दोघींनी तो कापूस हिरव्या बोंडांच्या टोकांना चिकटवला. बांधावरून जाणारी शेजारीण थांबली. "काहून वं, झाडाले कापूस लावून राह्यली का काढून?" मोठमाय इतकी हसली की कुंकवाची डबी सांडली. मी फोटो काढले. सगळ्यात चांगल्या फोटोत तिचा हात होता, खडे होते आणि मागं हिरवंगार वावर.

अंक दिनाच्या दिवशीच निघाला. फोटोखाली मोठमायचं पूर्ण नाव होतं. तिला वाचता येत नाही; नाव कुठं आहे ते मी बोट ठेवून दाखवलं. नंतर ती येणाऱ्याजाणाऱ्याला त्याच जागी बोट ठेवून दाखवायची.

खरी वेचणी आली तेव्हा बोंडं उघडलीच नाहीत. फोडली की आत गुलाबी अळी. निघाली ती नुसती कवडी, वाळून डागाळलेला, हाताला टोचणारा कापूस. अळी आमच्याच गावात नव्हती, दारव्ह्याकडंही तेच, सगळ्या जिल्ह्यात तेच. खोट्या पूजेनं देवी कोपली म्हणणाऱ्या बायांना मी हे बियाण्यापासून समजावून सांगितलं. त्यांनी मान डोलावली. शेजारीण म्हणाली, "हो बाई, तू शिकेल आहे." पुढच्या हंगामात पूजेला दुसऱ्याच बाईला बोलावलं. मोठमायनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. घरी एवढंच म्हणाली, "खोटी पूजा म्या केली. हात माहा होता."

माझा हात फोटोत नव्हता.

दोनेक वर्षांनी एका विद्यापीठातल्या बाईंचा निबंध हाती आला. तळटीपेत माझं नाव पाहून मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चहा पाजला. मग निबंध वाचला. फोटोतल्या मिटलेल्या हिरव्या बोंडांवरून आणि त्यांना वरून लावलेल्या कापसावरून त्यांनी लिहिलं होतं की सीतादही ही बोंड फुटण्याआधीची पूजा, पोटुशा बाईच्या ओटीभरणासारखी. सुंदर मांडणी होती. तिचा पाया आमच्या गादीचा कापूस.

संपादकांना फोन केला. दुरुस्ती छापा म्हटलं.

"छापू की. कोणत्या दिनाला?"

"सर, चूक आहे ती."

"हो, पण अंकात बसली पाहिजे न. पुढचा महिला शेतकरी दिन येऊ द्या."

दिन आला. मी दोन परिच्छेद लिहिले: तो कापूस झाडाचा नव्हता, पूजा माझ्या सांगण्यावरून झाली, दोष माझा. अंक घेऊन मी पहिल्या वेचणीला गावी गेले. म्हटलं, बायांसमोर वाचायचं, मोठमायचा मान तिला परत मिळाला पाहिजे.

वावरात पूजा झाली, दुसऱ्या हातानं. मोठमाय शेवटची ओळ धरून उभी होती. मी मोठ्यानं वाचलं. बाया थांबून ऐकत होत्या. शेजारीण म्हणाली, "म्हणजे हिनंच सांगितलं होतं मोठमायले."  कोणीतरी दहीभाताचं ताट मोठमायच्या दिशेनं थोडं सरकवलं.

तिनं ताटाकडं पाहिलं नाही. कंबरेची कापूस वेचायची ओटी सोडली, हात पुसले आणि माझ्या हातातला अंक घेतला. पान उलटंसुलटं करून बघितलं.

"माहं नाव कुठीसा आहे याच्यात?"

मी म्हटलं, तुला त्रास नको म्हणून नाव गाळलं. "एका ज्येष्ठ स्त्रीकडून" असं लिहिलंय.

"हे ज्येष्ठ स्त्री कोण व्हय वं?"

"तूच, मोठमाय."

"पहिल्यात तं माहंच नाव होतं न."

मी बोट ठेवायला जागा शोधत होते. तिनं अंक माझ्या हातात दिला, पुन्हा ओटी बांधली आणि ओळीत वाकली.