उतारावर उरलेलं डिझेल

नव्वदच्या आसपास मी लष्कराच्या डोंगरातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत एमटी हवालदार होतो, म्हणजे गाड्या आणि ड्रायव्हर माझ्या देखरेखीखाली. मी राजूरचा. ड्रायव्हर भानुदास आमच्याच जिल्ह्यातला, वाटूरचा. पहाटे गाड्या भरायच्या, खिंड चढायची, पलीकडे उतरून माल द्यायचा, परत यायचं.

माझा स्वभाव संशयी. भानुदासच्या टाकीत दर फेरीला इतरांपेक्षा जास्त डिझेल उरायचं. कमी निघालं तर चोरी म्हणता येते. उरलं तर काय म्हणायचं? भरतीआधी तो जालन्याच्या मोंढ्यातून, धान्याच्या बाजारातून, मालट्रक चालवायचा. तिकडे उतार लागला की गाडी न्यूट्रल करून सोडून देतात, डिझेल वाचतं. मी त्याला बाजूला घेतलं.

"न्यूट्रल करतोस?"

"न्हाई, उस्ताद. बिलकुल न्हाई."

त्याला समजावलं, की भरलेली गाडी वर चढवायला इंजिन जी ऊर्जा खर्च करतं, ती वर पोचल्यावर संपत नाही. उतरताना ती कुणीतरी खायला हवी. खालच्या गिअरमध्ये ती इंजिन खातं. न्यूट्रल केलं की सगळी ब्रेकवर येते आणि ब्रेक तापून निकामी होतात. त्याने मान डोलावली. माझा काही विश्वास बसला नाही.

पुढच्या फेरीला मी मुद्दाम त्याच्या मागच्या गाडीत बसलो. खिंड ओलांडली आणि ब्रेकच्या जळक्या लायनिंगचा वास आला. त्याची गाडी सुसाट सुटली. तिच्यापुढे सुट्टीवर निघालेल्या जवानांची गाडी होती. डावीकडे दरी.

ताफ्यातल्या सगळ्यात पुढच्या गाडीला, 'वन'ला, सांगायला मी रेडिओ उचलला. "टू फॉर वन. भानुदासचे ब्रेक गेले. पुढच्या गाड्या पळवा. ओव्हर."

"वन. रॉजर."

तेवढ्यात त्याने गाडी उजवीकडच्या डोंगराच्या कड्यावर घातली. को-ड्रायव्हर वाचला. तो म्हणाला, "गिअर पडतच नव्हता. मला उडी मारायला लावली आणि स्टिअरिंग फिरवलं." भानुदास जागीच गेला. मला त्याचा रागही आला आणि रडूही.

नंतर मी वाटूरला गेलो. त्याच्या वडिलांच्या मनात अढी बसली होती.

"ब्रेक आधीच खराब होते. तुम्ही लोकं लपवून राह्यले."

मी काहीच लपवलं नाही. न्यूट्रलची सवय सांगितली, शेवटी त्याने गाडी कड्याकडे वळवली तेही सांगितलं. त्यांनी माझ्या तोंडावर नजर रोखली. खरं बोलतोय की नाही, हेच पाहत असावेत.

"म्होरच्या गाडीतली पोरं घरी पोचली का?"

"सगळी पोचली."

"मंग बराबर केलं भान्यानं," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांना रडू आलं.