वच्छीचे चार बोटं केस

परभणीच्या स्टेशनात हैदराबादची गाडी उभी होती आणि अण्णा खिडकीतून हात घालून माझ्या ट्रंकेचं कुलूप तिसऱ्यांदा ओढून बघत होते. साल एकोणपन्नास, महिना जून. हैदराबाद संस्थानावरच्या पोलीस ॲक्शनला वर्षही झालं नव्हतं. अण्णा, म्हणजे माझे वडील, बोरीच्या शाळेत मास्तर. आई जाऊन बरीच वर्षं झाली होती. "पत्र टाकीत जा, आळस करू नको," एवढंच ते म्हणाले. त्यांच्यामागं माझी धाकटी बहीण वत्सला, आमची वच्छी, कानात कापसाचा बोळा घालून उभी होती. गाडी हलली तशी म्हणाली, "दादा, डॉक्टर झालास की पयला माझा कान बघ."

तिचा उजवा कान पाचव्या वर्षापासून वाहत होता. आमच्याकडं कान वाहणं हा आजारच नव्हे. लसणाचं कोमट तेल घाला, कापूस कोंबा, कामाला लागा. वाहता कान बंद केला तर घाण डोक्यात चढते, असं बाया सांगायच्या. आणि लोक ऐकायचे. अहो, बंद नाही केला तरी चढते, हे सांगायला कुणी नव्हतं.

हैदराबादेत पहिली दोन वर्षं मी कशी काढली ते माझं मला माहीत. शाळा उर्दूतून झालेली. आमच्या आधीची मुलं डॉक्टरीही उर्दूतून शिकली, आमच्या वेळेपासून इंग्रजी आली आणि जीव मेटाकुटीला आला. पुढं कान-नाक-घसा घेतलं. वच्छीसाठी घेतलं असं सांगायला आवडलं असतं, पण खरं म्हणजे जागा तिथंच रिकामी होती. तुम्हां गावाकडच्यांना वाटतं, सर्जन म्हणजे लय मोठं काम. कसलं काय! सकाळपासून कपाळाला आरसा बांधून लोकांच्या कानात डोकवायचं. ओळीनं टॉन्सिल काढायच्या, पोरांच्या नाकातून हरभरे आणि चिंचोके ओढायचे, कुणाच्या नाकातला वाकडा पडदा सरळ करायचा. संध्याकाळी मान अशी आखडायची की जेवायला बसल्यावर ताटाकडं बघवत नसे. छप्पन्न साली राज्यं नव्यानं आखली. परभणी मुंबईकडं गेली, हैदराबाद आंध्राकडं. मी जागचा हललो नाही आणि परमुलखातला झालो.

तोवर वच्छीचं लग्न होऊन ती पाथरीला सासरी गेली होती. तिचा कान मी सुट्टीत एकदोनदा बघितला, औषधाचे थेंब दिले, विसरलो. सत्तावन्नच्या उन्हाळ्यात अण्णांचं पत्र आलं. कानामागं सूज आहे, ताप उतरत नाही, चालताना पोरगी भिंत धरते. मी वाचताक्षणी ओळखलं. कानामागचं हाड सडलं होतं. ते पोखरून पू बाहेर काढला नाही तर तो मेंदूत जाणार, आणि मग बहीण हाती लागणार नाही.

इथं मी माती खाल्ली. मुकाट्यानं गाडी पकडून पाथरीला जायचं आणि तिला घेऊन यायचं, एवढंच करायचं होतं. त्याऐवजी मी तिच्या सासऱ्यांना चार पानी पत्र लिहिलं. नवा सर्जन ना मी! हाड कसं छिन्नी-हातोडीनं पोखरतात, भूल कशी देतात, कानामागं चार बोटं रुंद जागेवर वस्तरा कसा फिरवतात, सगळं सविस्तर. छिन्नी-हातोडीचं त्यांना काही वाटलं नाही. वस्तऱ्यावर मात्र घर हादरलं. विधवांची डोकी ज्या घरानं भादरून घेतली होती, तिथं मी सवाष्णीच्या डोक्याला वस्तरा लावायचं लिहिलं होतं. वच्छीला आणायला गेलेल्या अण्णांना तिच्या सासूबाई म्हणाल्या, "माझा लेक जिता हाय. तो असताना हिच्या डोक्याला वस्तरा लागणार न्हाई." अण्णा मान खाली घालून परत आले. मी बोललो नसतो तर चार बोटं जागा पदराखाली कुणाला दिसलीसुद्धा नसती.

पंचमीला वच्छी माहेरी आली. आल्या दिवशीच शेजारच्या काकूंची कात्री मागून घेतली आणि कानामागचे केस स्वतः कातरून टाकले. वेडेवाकडे, जमतील तसे. मग अण्णांपुढं जाऊन उभी राहिली. दुसऱ्या दिवशी अण्णा तिला घेऊन हैदराबादच्या गाडीत बसले, व्याह्यांना न विचारता. अण्णांनी जन्मात असलं काही केलं नव्हतं.

ऑपरेशन आमच्या मोठ्या साहेबांनी केलं. मी नुसता रक्त टिपत उभा होतो. हाड किडलेल्या लाकडासारखं भुगा होऊन निघत होतं. साहेब म्हणाले, आणखी आठ दिवस गेले असते तर हिला आणायचं कारणच उरलं नसतं. जीव वाचला. तो कान मात्र कायमचा गेला.

पाथरीहून निरोप आला, केस पहिल्यासारखे वाढले की पाठवा, तसल्या डोक्यानं नको. बरं, म्हटलं, आणि वच्छीला माझ्याच घरी ठेवून घेतलं. जखम दोन महिन्यांत भरली. केस वाढेनात. चार महिने झाले, सहा झाले, कानामागं बोटभर खुंट तसेच. त्वचा चांगली, मुळं चांगली. मी पुस्तकं चाळली, साहेबांना विचारलं. शेवटी एका रविवारी दुपारी माझ्या पेटीतली जखमेच्या पट्ट्या कापायची कात्री पुसताना तिच्या खिळ्यात बारीक काळे केस अडकलेले दिसले.

मी वच्छीला हाक मारली. ती डावा कान पुढं करून बसली. मी कात्री दाखवली.

"वाढले की जावं लागंल," ती म्हणाली. "त्यांनी मला मरू दिलं असतं, दादा. मला न्हाई जायचं. जखम भरली न्हाई म्हणून लिही."

मला राग आला, तिचा नाही, माझाच. ज्या माणसानं नको तिथं चार पानं खरं लिहिलं, त्यानं आता दोन ओळी खोटं लिहायला काय हरकत होती? लिहिलं. जखम चिघळलेली आहे, अजून काही काळ इथं ठेवणं भाग आहे, खाली सही, सहीखाली डिग्री. तेच अण्णांनाही लिहिलं. अण्णांनी जखम स्वतःच्या डोळ्यांनी भरलेली पाहिली होती, संक्रांतीला येऊन, हे लिहिण्याच्या भरात माझ्या ध्यानात आलं नाही.

आठवड्यानं त्यांचं कार्ड आलं, मास्तरांच्या वळणदार अक्षरात. "चि. वत्सलेची जखम भरण्याची घाई करू नये. व्याह्यांना काय सांगायचे ते मी सांगेन."

मी ते वच्छीच्या चांगल्या कानाशी वाचलं. तिनं पुन्हा वाचायला लावलं. मग पदर तोंडाला लावून खूप वेळ रडली, आणि मीही रडलो, लाजायचं काय त्यात. शेवटी तोंड धुऊन आली आणि संध्याकाळी काय शिजवू म्हणून विचारलं.

नऊ वर्षं मी घरी पाठवायच्या प्रत्येक पत्राच्या वर "मु. पो. बोरी, हल्ली मुक्काम हैदराबाद" असं लिहीत आलो होतो. अण्णांना उत्तर लिहायला बसलो तेव्हा नुसतं हैदराबाद लिहिलं.