उभ्यानं मोजा

आमच्या भावकीला ग्रामदेवतेच्या पालखीचा एकच खांदा आहे, पुढचा उजवा. आधी तो माझ्या वडिलांचा होता, त्यांच्यानंतर माझा. माझ्या चुलतभावाला तो हवा होता. मी रत्नागिरीत नोकरी केली आणि तो गावात राहिला, म्हणून खांदा त्याचा, असं तो शिमग्याच्या प्रत्येक बैठकीत सांगायचा. मी थोरला म्हणून खांदा माझा, असं मी सांगायचो. शहाणपणाचं दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही.

तीन वर्षांपूर्वी पालखी नाचवताना मुंबईहून आलेले एक गृहस्थ चक्कर येऊन पडले. सुदैवाने पुढे बरे झाले. पण गावकरांनी, म्हणजे गावच्या प्रमुख मानकऱ्यांनी, पुढच्या वर्षी ठराव केला की पंचावन्नच्या वरच्या प्रत्येकानं उपकेंद्रातल्या सिस्टरकडून प्रेशर मोजून घ्यायचं आणि मगच दांडीखाली जायचं.

त्याच महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत हा भाऊ पाटावरून उठताना भिंत धरताना मला दिसला होता. डॉक्टरांच्या दवाखान्यात नंबर यायची वाट बघताना मी एक पत्रक वाचलं होतं. काहींचं प्रेशर उभं राहिल्यावर घसरतं, असं त्यात होतं. भिंत आणि पत्रक या दोन गोष्टींवर मी भावाचं निदान करून मोकळा झालो, आणि बैठकीत अगदी निरागस चेहऱ्यानं म्हणालो, "पालखी कोण बसून नाचवतो का? उभ्यानं मोजा."

सगळ्यांना पटलं. माझ्या सूचना गावाला सहसा पटत नाहीत. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

भावाचं प्रेशर बसून एकशे तीस भरलं आणि उभ्यानं एकशे अठ्ठावीस. भिंत त्यानं गुडघ्यासाठी धरली होती. मग माझी पाळी. बसून एकशे बत्तीस. उभा राहिलो, तर एकशे सहासष्ट. सिस्टरनी पट्टा सोडून पुन्हा बांधला. एकशे अडुसष्ट.

भाऊ अजिबात हसला नाही, तेच मला जास्त लागलं. गावकरांकडे वळून तो मऊपणे म्हणाला, "दादानंच सांगितलान ना, उभ्यानं मोजा म्हणून? मग उभ्याचाच आकडा धरा."

त्या वर्षी पालखी आमच्या दारात आली तेव्हा मी ओटीवर नारळ घेऊन उभा होतो आणि खांदा त्याचा होता. माझ्या अंगणात आल्यावर तो जरा जास्तच नाचला. कोणी काहीही म्हणो, मी मोजलंय, शेजारच्या अंगणापेक्षा दोन फेऱ्या जास्त.

दुसऱ्या दिवशी राजापूर-रत्नागिरी गाडीनं परतलो आणि थेट डॉक्टरांकडे गेलो. प्रेशर वाढल्याची काळजी मला नव्हती. मला सुडाची औषधयोजना हवी होती. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून विचारलं, "मोजताना हात कुठे होता?" लोंबत होता. ते म्हणाले, लोंबत्या हातावर आकडा उगाच वाढून येतो. हात छातीच्या उंचीवर टेकलेला हवा. पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजायचं, मग उभं राहून एका मिनिटानं आणि तिसऱ्या मिनिटानं. सकाळ-संध्याकाळ, आठवडाभर, वहीत लिहून आणायचं.

छातीच्या उंचीचं घरात काय असतं? ओटा खाली पडायचा. फ्रिजच्या डोक्यावर हात ठेवला तर आकडा फार गोड यायचा. हात छातीच्या वर गेला की आकडा उतरतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण चार दिवस मी फ्रिजचेच आकडे लिहिले. पाचव्या दिवशी बायकोनं बघितलं.

"डॉक्टरांना फसवाल," ती म्हणाली, "दांडीखाली पडलात तर उचलायला भावोजीच येतील."

या वाक्यानं मी सरळ झालो. कपाटाचा तिसरा कप्पा बरोबर छातीला येत होता. आडवं एकशे तीस, उभ्यानं एकशे चोपन्न. म्हणजे लोंबत्या हाताचा भाग काढला तरी उरलेलं दुखणं खरंच होतं. दिवसभर दंडाला बांधून ठेवायच्या यंत्रानंही तेच सांगितलं. उभं राहिल्यावर रक्त पायांकडे जातं, तेव्हा शरीर नळ्या आवळून सावरतं. माझं शरीर गरजेपेक्षा जास्त आवळतं, असं डॉक्टरांनी समजावलं. बसून मोजणाऱ्याला हे कधी कळलंच नसतं, आणि दुर्लक्ष करण्यासारखंही नाही, म्हणाले. म्हणजे मला वाचवलं ते माझ्याच दुष्टपणानं. मी हे भावाला अजून सांगितलेलं नाही.

प्रेशरसाठी मी आधीपासून घेत होतो ती लघवीला पळवणारी गोळी त्यांनी बंद केली आणि दुसरी रात्रीची दिली. पाणी नीट प्यायचं, अंथरुणातून टप्प्याटप्प्यानं उठायचं, मीठ कमी. सुकट गेली, पापड गेले, लोणच्याची बरणी बायकोनं माळ्यावर चढवली. रोज मांडवीच्या किनाऱ्यावर चालणं. आणि राग सोडा, असंही म्हणाले. बाकी सगळं ऐकलं. पण राग सोडला असता तर चाललो कशाला असतो? वाळूत प्रत्येक पाऊल मी भावाच्या नावानं टाकत होतो. सहा महिन्यांत चार किलो उतरलो, सगळेच्या सगळे त्याच्या नावावर.

शिमग्याआधी डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. पालखी थोडं अंतर न्यायला हरकत नाही, नाचवायची नाही, आणि उभ्यानं मोजताना हात छातीच्या उंचीवर टेकवावा.

देवळात सगळे जमले. सिस्टरनी चिठ्ठी वाचली आणि टेकायला काही आहे का बघू लागल्या. तिथे एक बुटकं बाकडं आणि उंच खांब, बाकी काही नाही. मला हे माहीत होतं. आमच्या घरी लग्नातला एक फोटो आहे, त्यात आम्ही दोघे शेजारी उभे आहोत आणि त्याचा खांदा माझ्या सदऱ्याच्या तिसऱ्या गुंडीला लागतो. तो फोटो मी वर्षभर बघत होतो.

"ह्याचा खांदा बरोबर येईल," मी म्हणालो.

गावकरांनी भावाला खूण केली. अख्ख्या गावादेखत, देवीच्या समोर, नाही कसं म्हणणार? तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला. मी हात टेकवला, म्हणजे टेकवला असं म्हणायचं. वर्षभर साठवलेला सगळा भार त्यावर दिला. एक मिनिट झालं. मग तीन. त्याचा गुडघा थरथरायला लागला हे मला हाताला कळत होतं.

आधी बाकड्यावर आडवं पडून एकशे अठ्ठावीस आलं होतं. आता एकशे छत्तीस भरलं. गावकरांनी निवाडा दिला. देवळापासून सहाणेपर्यंत, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्यापर्यंत, खांदा दादाचा, सहाणेवर नाच धाकट्याचा. नाच गेला, त्याचं वाईट वाटलं. पण चिठ्ठी मीच आणली होती.

"आता काढ हात," भाऊ दात आवळून म्हणाला.

"सिस्टर," मी म्हणालो, "यंत्र जरा हललं असं वाटलं. आणखी एकदा घेता का?"

सिस्टरनी घेतलं. तो आणखी तीन मिनिटं उभा राहिला. या वेळी आकडा चार अंकांनी चढला होता. का चढला ते, राग सोडा म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी सांगितलेलं नाही.